टेलला पाणी पोचतं का?

सांगलीहून आलेल्या एका पत्राचा हा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

"मी ३२ वर्षांची. माहेर तासगाव तालुक्यात, वडिलांची द्राक्षबाग आहे. सांगलीतच मेकॅनिकल केलं आणि कॅम्पसमधून आयटीत गेले. पुण्याच्या कंपनीत ९ वर्षं झाली, त्यातली शेवटची ४ प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. घरून काम आहे, त्यामुळे सांगलीत सासरी राहते. एका विमा कंपनीच्या क्लेमचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे. पगार चांगला, माणसं चांगली. पण दिवसभर स्टेटस रिपोर्ट, कॉल आणि पुढे सरकणाऱ्या तारखा. रात्री लॅपटॉप मिटताना वाटतं, आज मी केलं काय? २०१९ च्या महापुरात सुट्टी टाकून ११ दिवस एका निवारा केंद्रावर सामानाच्या याद्या सांभाळत होते, ते दिवस अजून आठवतात. आता अर्थ असलेल्या क्षेत्रात जायचं ठरवलंय. सोलर, पाणी, हॉस्पिटल की सरळ सामाजिक संस्था? कुठलं क्षेत्र निवडू? पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र आधी करू की नंतर? घराचा हप्ता आहे, मुलगी ४ वर्षांची आहे. सासरे म्हणतात, सोन्यासारखी नोकरी का मोडतेस?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. क्षेत्रांची नावं तुम्ही चार घेतलीत, पण त्या ११ दिवसांबद्दल एकच वाक्य लिहिलंत. मला आधी त्या वाक्यापाशी थांबायचं आहे.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फुटांची. सगळी बाजारपेठ पाण्यात होती आणि तुम्ही याद्या करत होतात. म्हणजे नेमकं काय करत होतात? आज माणसं किती वाढली, त्यात तान्ही मुलं किती, बीपी-शुगरच्या गोळ्या कुणाच्या संपल्या, चादरी किती उरल्या, पुढचा टेम्पो कुठून येतोय आणि तो रस्ता चालू आहे का. ताई, हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच आहे. आज लॅपटॉपवर करता तेच काम. पण तिथं संध्याकाळी तुम्हाला समोर दिसत होतं, दूध पोचलं की नाही. नसेल पोचलं तर पोर रडताना ऐकू येत होतं. आज तुमचं काम कुणापर्यंत पोचतं हे तुम्हाला दिसत नाही. मग तुम्ही ज्याला क्षेत्राचा प्रश्न म्हणताय, तो अंतराचा तर नाही ना?

आपल्याकडे पाटाच्या पाण्याची एक भाषा आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी हेडचा, शेवटाला असलेला टेलचा. आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की हेडवाल्याला काही करावं लागत नाही, पाणी दारात येतं. टेलवाला मात्र रात्री बॅटरी घेऊन चारीच्या, म्हणजे छोट्या पाटाच्या, कडेनं वर चालत जातो, कुणी मध्येच पाणी तोडलंय का ते बघायला. म्हणून तर 'टेल टू हेड' असा नियम करावा लागतो, आधी शेवटच्याला आणि मग वर सरकत. प्रत्येक प्रकल्पाला असा एक टेलवाला असतो. तो कोण, हे ज्या कामात आपल्याला माहीत असतं आणि त्याच्यापर्यंत आपण चालत जाऊ शकतो, त्या कामाचा शीण वेगळा असतो.

हे मी एका चुकीतून शिकले. साताऱ्यात माझी निम्मी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामांत गेली. माणदेशातल्या एका योजनेवर, तिचं नाव राहू दे, मी ठेकेदाराकडून प्लॅनिंग बघत होते. पाइप टाकून झाले, टाकी झाली, ट्रायल झाली, फोटो निघाले. हँडओव्हरच्या चेकलिस्टवर सही माझी होती. दीड वर्षानं दुसऱ्या कामासाठी त्याच बाजूला गेले, तर शेवटच्या वस्तीवर एका आजीच्या दारातल्या नळाला फडकं बांधलेलं दिसलं. का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "आत गांधीलमाशा घर करत्यात बाई. पानी येतंच कुठं." दीड वर्षात त्या नळाला एकदाही पाणी आलं नव्हतं. ती वस्ती चढावर होती. खालच्या दोन वस्त्यांचे व्हॉल्व्ह वेळेवर आवळले तरच वर पाणी चढणार, हे आमच्या नकाशात स्वच्छ दिसत होतं. पण व्हॉल्व्ह आवळायला माणूस कोण, त्याचं मानधन कोण देणार, याची ओळ आमच्या वेळापत्रकात नव्हतीच. पाइप वेळेत पडला म्हणून आमची पाठ थोपटली गेली होती. पुढे ग्रामपंचायतीच्या मागे लागून माणूस नेमला गेला आणि पाणी चढलं. पण दीड वर्ष त्या आजींनी डोक्यावरून पाणी वाहिलं, ते काही मला परत देता आलं नाही.

पाण्याचं काम म्हणजे पुण्याचं काम, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या क्षेत्रात राहूनही मी अर्थहीन काम केलं होतं. तुमच्या पत्रात जे गृहीत आहे, की सोलरमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये गेलं की अर्थ आपोआप मिळेल, त्याबद्दल मला म्हणूनच काळजी वाटते. तिथंही स्टेटस रिपोर्ट आहेत, तारखा तिथंही सरकतात, आणि क्लायंटचा क्लायंट कोण हे माहीत नसलेली माणसं तिथंही आहेत.

आता उलट बाजू. विम्याच्या क्लेमच्या कामात अर्थ नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता? २०१९ मध्ये पाणी ओसरल्यावर गणपती पेठेत काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. दुकानदार भिजलेला माल रस्त्यावर काढून बसले होते. त्यातल्या ज्यांचा विमा होता, ते पुढचे महिने सर्व्हेअरची वाट बघत होते, कागद जुळवत होते. तो कागद ज्या सॉफ्टवेअरमधून फिरतो त्याचं एक रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, महिनाभर लांबलं, तर कुठल्या तरी गावात कुणाचं तरी दुकान महिनाभर बंद राहतं. तुमचा टेलवाला तो आहे. तुमची त्याच्याशी कधी गाठ पडलेली नाही, इतकंच. राजीनामा देण्याआधी एवढं एक करा: त्या विमा कंपनीच्या क्लेम डेस्कवर एक अख्खा दिवस बसायला मिळेल का, असं मॅनेजरला विचारा. सिस्टीम वापरणारी माणसं बघायची आहेत म्हटलं तर कुणी सहसा नाही म्हणत नाही. त्या दिवसानंतरही मन उठलेलंच राहिलं, तर तुमचा निर्णय पक्का समजा. कोण जाणे, त्या दिवशी तुम्हाला सहा महिन्यांचं काम सापडेलही.

तरीही बदलायचंच असेल, तर तुमच्या चार पर्यायांबद्दल मला काय वाटतं ते सांगते.

पाणी. आपल्या जिल्ह्यात याहून मोठा विषय नाही. टेंभू योजनाच घ्या. कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे न्यायचं. नव्वदच्या दशकात मंजूर झालेलं काम, आटपाडीच्या शिवारात पाणी दिसायला दीड-दोन दशकं गेली. मधल्या काळात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली दुष्काळी तालुक्यांतली माणसं वर्षानुवर्षं परिषदा घेत, मोर्चे काढत राहिली. पाणी आणा एवढंच त्यांचं म्हणणं नव्हतं, ते समन्यायी वाटा, असं होतं. पुढे आटपाडी भागात उघड्या चाऱ्यांऐवजी बंद पाइपमधून वाटप आलं. आपल्या धंद्याच्या भाषेत याला स्कोप चेंज, म्हणजे ठरलेलं काम मध्येच बदलणं, म्हणतात आणि आपण त्यावर कपाळाला आठ्या घालतो. इथं मात्र तो बदल मागणारे टेलवालेच होते, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

या क्षेत्रात जाणार असाल तर तुमचा वेग बदलावा लागेल. सॉफ्टवेअरमधल्या दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांची, स्प्रिंटची, सवय झालेल्या माणसाला भूसंपादनाची एक फाइल दोन वर्षं थांबलेली बघणं जड जातं. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक, आरए बिल म्हणजे चालू कामाचं टप्प्याटप्प्यानं निघणारं बिल, मुदतवाढीचा प्रस्ताव, हे सगळं नव्यानं शिकावं लागेल आणि ते साइटवरच शिकता येतं. शिवाय काम पूर्ण झालं म्हणजे पाणी सुरू राहील असंही नाही. वीजबिल थकलं म्हणून म्हैसाळ, ताकारी या उपसा योजनांचे पंप बंद राहिल्याचे दिवस आपण पाहिलेत. तुमच्यासारख्यांना इथं जागा असते ती सल्लागार कंपन्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या टीममध्ये किंवा मोठ्या ठेकेदारांकडे प्लॅनिंगमध्ये. पगार खाली येईल आणि आठवड्यातले तीन-चार दिवस फिरतीचे असतील. ४ वर्षांच्या मुलीसोबत ते कसं बसवायचं, हे घरात आधी बोला.

सोलरबद्दल मी थोडी जास्त आशावादी आहे. शेतीची लाईट रात्रपाळीला आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जावं लागतं. शिराळ्याकडे बिबट्याची भीती, बाकी सगळीकडे सापाची. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू दिवसा वीज देण्याचा आहे. उपकेंद्राजवळ जमीन घ्यायची, पॅनेल उभारायची आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वीजवाहिनीला, वीज सोडायची. धरणाच्या मानानं ही कामं लवकर उभी राहतात, त्यामुळे फळ डोळ्यांसमोर दिसतं. पण सौरऊर्जा स्वच्छ म्हणून तिचा प्रत्येक प्रकल्पही स्वच्छ, असं समजू नका. जमीन गायरान आहे का, तिथं शेळ्या-मेंढ्या चारणारे कोण आहेत, ग्रामसभेत खरी चर्चा झाली का, हे विचारणारा माणूस टीममध्ये लागतो. कोयनेचं उदाहरण आपल्या दारातच आहे. १,९६० मेगावॉटचा प्रकल्प, अख्ख्या महाराष्ट्राला त्यानं उजेड दिला, आणि धरण होऊन सहा दशकं उलटली तरी उठवलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पूर्ण सुटलेले नाहीत. तोही टेलच आहे.

सामाजिक संस्थेबद्दल थोडक्यात सांगते. चांगल्या संस्थांना चांगल्या मॅनेजरची नितांत गरज असते, आणि तिथं मान मिळतो. पण २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावल्यापासून बरीचशी मदत आर्थिक वर्षाच्या हिशेबानं येते. मार्चच्या आत खर्च दाखवण्याची घाई तिथंही तुमच्या मानगुटीवर बसेल. घराचा हप्ता चालू असताना पूर्णवेळ उडी मारण्यापेक्षा, ज्या संस्थेचं काम तुम्हाला पटतं तिला महिन्यातले दोन शनिवार द्या. त्यांचा हिशेब, वेळापत्रक, अहवाल बसवून द्या. सहा महिन्यांत तुम्हालाही कळेल, त्यांनाही कळेल.

राहिलं हॉस्पिटल. तुमच्यासाठी माझं मन इकडे झुकतं. सांगली-मिरजेत रुग्णसेवेची परंपरा जुनी आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या कामाभोवती हे गाव वैद्यकीय केंद्र म्हणून वाढलं, आणि आजही कर्नाटकातून माणसं इथं येतात. हॉस्पिटलं वाढतायत, जुन्या इमारतींत नवी ऑपरेशन थिएटरं बसवली जातायत. तुमची मेकॅनिकलची पदवी इथं कामाला येईल, कारण एसी, मेडिकल गॅसची पाइपलाइन, लिफ्ट, जनरेटर या सगळ्यांत मेकॅनिकलचं काम असतं. आणि हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर, कॅशलेस क्लेमवर तुमची ९ वर्षं कामाला येतील. विम्याची बाजू आतून माहीत असलेला माणूस हॉस्पिटलला सहज मिळत नाही. मुख्य म्हणजे तुम्ही सांगलीतच, घरी राहून हे करू शकता.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी अशा एका चालू हॉस्पिटलच्या विस्ताराचं काम पाहिलं. भिंतीच्या अलीकडे ड्रिल, पलीकडे आयसीयू. पहिल्या आठवड्यात तिथल्या सिस्टरनी मला वॉर्डात नेलं आणि दाराच्या फटीत ओली चादर कशी कोंबून ठेवली आहे ते दाखवलं, धूळ आत येऊ नये म्हणून. मग म्हणाल्या, "दुपारी दोन ते चार करा काय करायचं ते. तेव्हा आमच्याकडे राउंड नसतो आणि नातेवाईक जेवायला गेलेले असतात." आमचं सगळं वेळापत्रक त्या दोन तासांभोवती नव्यानं बांधलं. काम पाच आठवडे लांबलं आणि मालकांची बोलणी खाल्ली. पण मला रोज माहीत होतं, चादरीच्या पलीकडे कोण झोपलंय.

क्षेत्र कुठलंही घ्या, मुलाखतीला जाल तेव्हा प्रश्न तुम्हीही विचारा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही पूर्ण करून दिलेलं एक काम मला बघायला मिळेल का? ते आज कोण चालवतं, दुरुस्तीचे पैसे कुठून येतात? तुमच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजरनं 'हे तयार नाही, हँडओव्हर करायचं नाही' असं म्हटलं, तर त्याचं ऐकलं जातं का? शेवटचं असं कधी झालं? उत्तर देताना समोरचा माणूस कुठल्या कामाबद्दल उत्साहानं बोलतो आणि कुठल्या प्रश्नावर घड्याळ बघतो, ते लक्षात ठेवा. आणि स्वतःसाठी एका कागदावर लिहून ठेवा, कुठल्या कामावर आपलं नाव लागलेलं आपल्याला चालणार नाही. मोठा पगार समोर आला की तो कागद उपयोगी पडतो.

पीएमपीचं म्हणाल तर, चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प हाताळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. तुमच्याकडे अनुभव आहेच. क्षेत्र बदलताना हे प्रमाणपत्र उपयोगी पडतं, कारण 'आयटीतली बाई, हिला साइटचं काय कळणार' या शंकेला ते थोडं उत्तर देतं. सध्याची नोकरी चालू असतानाच करा, कंपनी फी देत असेल तर मागून घ्या. फक्त त्यासाठी बाकी सगळं थांबवू नका. परीक्षा झाली की ठरवू, असं म्हणत वर्ष निघून जातं, हे मी खूप जणांचं पाहिलंय.

पैशाचंही बोलू, कारण तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नात खरी काळजी तीच आहे आणि ती रास्त आहे. नव्या क्षेत्रात पहिली दोन वर्षं तुमचं पद आणि पगार दोन्ही एक पायरी खाली जाईल असं धरून चाला. तिथं साधारण काय पगार मिळतो ते काढा आणि येत्या पहिल्या तारखेपासून तीन महिने घर तेवढ्यातच चालवून बघा. उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाका. जमलं तर घरातल्यांना पटवायला तुमच्याकडे शब्दांपेक्षा बरं काहीतरी असेल, शिवाय हप्त्याची तजवीजही होईल. नाही जमलं, तर नोकरी न सोडता कळलं.

वडिलांबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीत, पण मला त्यांची आठवण राहिली. द्राक्षवाल्यांच्या घरी एक वही असते. ऑक्टोबर छाटणी कुठल्या प्लॉटला कुठल्या दिवशी, तिथून दिवस मोजायचे. कितव्या दिवशी कुठली फवारणी, फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ-कूज, ढगाळ हवा पडली तर दावण्या रोग, मजूर टोळी कुणाच्या बागेतून कधी मोकळी होणार, दर पडला तर बेदाण्याला कधी वळायचं. तारखा, धोके, एकावर एक अवलंबून असलेली कामं, सगळं त्या वहीत असतं. मालाची गाडी भरून निघेपर्यंत तो माणूस बागेतून हलत नाही. अर्थ असलेलं काम कसं असतं हे तुम्ही लहानपणापासून बघत आलात, म्हणूनच आज तुम्हाला काहीतरी कमी असल्यासारखं जाणवतंय. ही जाणीव खोटी नाही, तिला गप्प करू नका. त्याचबरोबर पुराचे ११ दिवस आणि नोकरीची पुढची २० वर्षं यांची तुलनाही करू नका. संकटात माणूस वेगळ्याच बळावर उभा असतो. रोजच्या कामात कंटाळ्याचे दिवस येणारच, हॉस्पिटलमध्येही येतील.

मुलाखतीत 'एखादा अवघड प्रकल्प सांगा' असं विचारतात. तेव्हा आयटीतलं मोठं रिलीज सांगण्याआधी निवारा केंद्राचं सांगा. त्या याद्यांची वही किंवा तिची चार पानं घरात कुठं असतील तर या रविवारीच शोधून काढा, आणि जाताना सोबत न्या.